विहीणबाईंची पावाची काडी

पालेर्मो कुणालाही दाखवता येतं. अट एवढीच की पाहुण्याने जे उघडं आहे तेवढंच बघावं. समुद्र उघडा आहे, बाजार उघडे आहेत, बागांतले अंजीर उघडे आहेत. माझ्या होऊ घातलेल्या विहीणबाईंना मात्र गवंड्यांचं प्रार्थनागृह बघायचं होतं, आणि ते मला आठवतं तेव्हापासून बंद होतं.

ते आमच्याच गल्लीच्या टोकाला आहे. बाहेरून एखाद्या धान्याच्या कोठारासारखं दिसतं. लहानपणी आम्ही मुली त्याच्या पायरीवर सागरगोट्यांसारखा दगडांचा खेळ खेळायचो, लग्न झाल्यावर मी त्याच पायरीवर भाजीची पिशवी टेकवून दम खायला लागले, आणि आता गुडघे दुखतात म्हणून तिथेच बसते. म्हणजे त्या पायरीशी माझा संबंध जन्मभराचा आहे. पायरीच्या पलीकडे काय आहे हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नाही. घराजवळच्या गोष्टी बघायला सवड कुठे असते कुणाला?

त्या खेपेला मात्र बघणं भाग होतं, कारण त्यावर माझा मुलगा अवलंबून होता. रुज्जेरो माझा एकुलता एक. शिकून इंजिनियर झाला आणि नोकरीसाठी पार उत्तरेला, तुरीनला गेला. तिथे ओत्ताव्हिया नावाच्या मुलीशी त्याने लग्न ठरवलं. मुलगी चांगली. त्याच सुमारास आमच्या बंदराच्या कामावर त्याला जागा देऊ केली गेली, नाताळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. ओत्ताव्हिया म्हणाली, मी यायला तयार आहे, पण आईला एकटं सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला जायचं तर आईला ते शहर पसंत पडायला हवं. आणि आई म्हणाली, मी आधी बघून येते.

लोक मुलगी बघायला येतात, तशा या बाई शहर बघायला येणार होत्या. पसंत पडलं तर माझा मुलगा घरी. नाही पडलं तर वर्षातून एकदा फोटो आणि नाताळला डब्यातला केक.

रुज्जेरोने फोनवर बजावलं, "आई, फार काही करू नकोस. फक्त शहर दाखव."

जणू मी एरवी काही फार करते.

विहीणबाईंचं नाव क्लोतिल्दे. विधवा, उंच, सडपातळ, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. डिसेंबरच्या बारा तारखेला स्टेशनवर उतरल्या त्या करड्या टोपीत, चालायच्या बुटांत आणि एवढीशी बॅग घेऊन. मी मुके घ्यायला दोन्ही गाल पुढे केले, त्यांनी हात पुढे केला, आणि माझं नाक त्यांच्या टोपीच्या पिनेवर आपटलं. सुरुवात अशी झाली.

घरी कॉफी घेतानाच त्यांनी प्रार्थनागृहाचं नाव काढलं. कुठल्याशा जुन्या पुस्तकात त्यांनी त्याच्या आतल्या भिंतीचा फोटो पाहिला होता. सगळी भिंत चुन्याच्या पांढऱ्या मूर्तींनी भरलेली. मधोमध संताला मारताहेत, बायका रडताहेत, देवदूत हात पसरून खाली येताहेत, आणि कोपऱ्यात चुन्याचंच एक बाळ बसलंय ते जांभई देतंय. विहीणबाई नोकरीची सगळी वर्षं मुलांना तो फोटो दाखवत आल्या. त्यांच्या यजमानांनाही तो फार आवडायचा. दोघांनी मिळून बघायला यायचं ठरलं होतं, पण ते वारले. विहीणबाईंनी हे सगळं बशीकडे बघत, हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं, आणि मला एकदम वाटलं, ही बाई वाटते तितकी थंड नाही.

"मला बाकी काही दाखवलं नाहीत तरी चालेल," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "हे काय, गल्लीच्या टोकाला तर आहे."

दारावर "दुरुस्तीसाठी बंद" असा पत्रा होता. पत्र्याचीच दुरुस्ती करायची वेळ आली होती. विहीणबाईंनी विचारलं, दुरुस्ती कधी सुरू झाली. मी म्हटलं, नुकतीच.

आमच्या समोरच्या दारात तेव्हा डॉन गास्पारे राहायचे. जकातीतून निवृत्त झाले होते आणि या शहरात त्यांना माहीत नाही असं काही नव्हतं, निदान त्यांच्या मते. जिन्यातच भेटले. म्हणाले, या शहरात काहीच बंद नसतं, फक्त चावी कुणाच्या तरी खिशात असते. पण पाहुण्या उत्तरेकडच्या आहेत, तेव्हा सगळं रीतसर झालं पाहिजे, नाहीतर आपल्याबद्दल काय मत होईल. कचेरीत त्यांच्या ओळखीचा माणूस होता.

कुठली कचेरी ते सांगत नाही, त्या माणसाची मुलंबाळं अजून इथेच आहेत. ओळखीचा माणूस रजेवर होता. त्याच्या जागी बसलेल्याने आम्हाला फार आदराने बसवलं. म्हणाला, प्रार्थनागृह आमच्याकडे आहे, पण दार धर्मखात्याकडे आहे. धर्मखात्यात गेलो तर तिथे कळलं की दार त्यांचंच, पण कुलूप दुरुस्तीवाल्यांचं. दुरुस्तीवाले कोण, असं विचारलं तर त्या गृहस्थांनी खिडकीबाहेर अशा काही नजरेने बघितलं की पुढे विचारवेना. निघताना ते हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही त्याच गल्लीतल्या ना? मग चावी प्रोव्विदेंत्साकडे असते, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं."

ते मला ठाऊक होतं. डोन्ना प्रोव्विदेंत्सा तिथली झाडलोट करायची, तिची आईही करायची. पण रीतसर जायचं होतं ना. डॉन गास्पारेंच्या रीतीपायी पहिला दिवस गेला. विहीणबाईंनी पाहिलेलं पालेर्मो म्हणजे दोन कचेऱ्यांचे जिने.

प्रोव्विदेंत्साच्या दाराला कुलूप होतं. खालच्या मजल्यावरची क्रोचिफिस्सा बाल्कनीतून म्हणाली, तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, ती बाल्लारोच्या बाजारामागे भाचीकडे आहे. उद्या जा, पण उद्या संत लुचिया आहे हे लक्षात ठेवा.

लक्षात कसं राहणार नाही. तेरा डिसेंबर. फार पूर्वी दुष्काळात लोक उपाशी मरत होते, तेव्हा संत लुचियाच्या दिवशी बंदरात गव्हाने भरलेलं जहाज लागलं. लोकांना दळायचाही धीर निघाला नाही, त्यांनी गहू तसेच उकडून खाल्ले. तेव्हापासून त्या दिवशी आम्ही पिठाला शिवत नाही. पाव नाही, पास्ता नाही. गव्हाची गोड खीर आणि आरांचीने, म्हणजे भाताचे संत्र्याएवढे तळलेले गोळे, आत खिमा किंवा लोणी. याला आम्ही उपास म्हणतो. या उपासाने दरवर्षी निम्मं शहर आजारी पडतं. आणि संत लुचिया डोळ्यांची देवी, तेव्हा ज्याच्या डोळ्यांना काही झालंय त्याच्या घरी हा नेम किती कडक असेल ते सांगायला नको.

सकाळी विहीणबाई टेबलाशी येऊन बसल्या. मी खीर वाढली आणि म्हटलं, आज पाव नाही हं. त्या म्हणाल्या, काही हरकत नाही. मला वाटलं, समजूतदार बाई आहे. हे वाक्य जरा लांबवून सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण माझ्या घरात हे वाक्य कधी कुणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं. आमच्याकडे दोन वर्षांच्या पोराला कळतं.

बाल्लारोला चालत जायला फार वेळ लागत नाही, पण वाटेत माझी माणसं राहतात. आमच्याकडे नातेवाइकाच्या खिडकीखालून वर न जाता पुढे गेलं तर ते मयतापर्यंत विसरत नाहीत, आणि मयतालाही येतात ते ते बोलून दाखवायलाच. मी विहीणबाईंना मागच्या गल्लीतून नेलं. तरी माझी चुलत जाऊ इन्याझिया बाल्कनीत कपडे झटकत उभी होतीच. वरून म्हणाली, "निन्फा, तुरीनच्या बाईंना आमच्या घराचा वास येतो का गं, की तोंड लपवून चालली आहेस?"

वर गेलो. आरांचीने. विहीणबाईंनी काटा-सुरी मागितली. इन्याझियाने लग्नातला सुरी-काट्यांचा डबा काढला, तो पुसला, आणि सगळे भोवती उभे राहून बघत राहिले. बाईंनी तो गोळा टेबलावरच्या सफरचंदासारखा चार भागांत कापला. भात एकीकडे, खिमा एकीकडे, कुरकुरीत साल तिसरीकडे. साल नीट न्याहाळून त्या म्हणाल्या, "पण याच्यावर पावाचाच चुरा लावलाय ना?"

माझ्या आयुष्यात हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला. चुरा असतोच, त्याशिवाय साल कुरकुरीत कशी होणार. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तो खात आलो, पण कुणी असं काटा लावून विचारलं नव्हतं. इन्याझिया शेवटी म्हणाली, "चुरा म्हणजे पाव नव्हे." आणि त्यांच्या ताटलीत आणखी एक घातला, पुढचं तोंड बंद व्हावं म्हणून.

मग इन्याझियाच्या सासूबाईंना दुखावून चालेना, त्या खालच्या मजल्यावर राहतात. मग कोपऱ्यावर माझा मावसभाऊ. त्याच्याकडे लोण्याचे होते, आणि खिम्याचे चांगले की लोण्याचे यावरून त्याच्या बायकोने विहीणबाईंना साक्षीला धरलं. विहीणबाईंना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं. हे त्यांनी मला रस्त्यावर आल्यावर सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा बाजारातल्या आर्टिचोकसारखा हिरवट झाला होता. मी म्हटलं, आता फक्त चावी घ्यायची आणि निघायचं.

डोन्ना प्रोव्विदेंत्सा खिडकीशी खुर्चीत बसली होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आमच्यावर. काळ्या फितीत ओवलेली चावी गळ्यात. हातभर लांब लोखंडी चावी, सुळावरच्या येशूच्या शेजारीच लटकत होती. अर्थात कॉफी आली. अर्थात आरांचीने आले. प्रोव्विदेंत्साने चौकशी केली. कुठल्या, यजमान काय करायचे, मुलंबाळं किती, जेवण जातं का. विहीणबाईंनी जांभई देणाऱ्या बाळाचं सांगितलं, तशी म्हातारी खूश झाली. म्हणाली, ते गाढव, त्याच्या तोंडात नेहमी कोळ्याचं जाळं व्हायचं. आणि तिचा हात गळ्यातल्या फितीकडे गेला. मी मनात रुज्जेरोच्या खोलीला रंग कुठला द्यायचा ते ठरवायला लागले.

तेवढ्यात काहीतरी कडकन मोडलं.

"काय वाजलं?" प्रोव्विदेंत्साने विचारलं.

विहीणबाईंनी पर्स उघडली होती. तुरीनचे लोक पावाच्या लांब, बारीक, कडक काड्या खातात, आणि जळजळणाऱ्या पोटाला त्या बऱ्या म्हणून या बाई नेहमी जवळ ठेवत. अर्धी काडी त्यांच्या तोंडात होती.

"माझा गुडघा," मी म्हटलं.

परत कडकन वाजलं.

"दुसरा गुडघा," मी म्हटलं, आणि बाईंना पायाने ढोसलं. पण उत्तरेकडच्या माणसांना खरं बोलायची वाईट खोड असते. त्या म्हणाल्या, "नाही नाही, ही माझी पावाची काडी. तुम्हीही घ्या ना." आणि ताज्या मोतीबिंदूच्या बाईसमोर, संत लुचियाच्या दिवशी, त्यांनी पर्समधलं ते पुडकं पुढे धरलं.

प्रोव्विदेंत्सा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चावी झग्याच्या आत टाकली, वरची बटणं लावली, आणि भाचीला म्हणाली, "पाहुण्या निघाल्यात. जिन्याचा दिवा लाव." मग मला म्हणाली, "निन्फा, तुझ्या आईला मी पोचवायला गेले होते. तू माझा डोळा घालवायला आलीस."

आम्ही रस्त्यावर आलो. मग विहीणबाई म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं का नाही?"

"सकाळी सांगितलं. आज पाव नाही म्हणून."

"मला वाटलं, तुमच्याकडे पाव संपलाय. तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी माझा आणला."

अशा चांगुलपणापुढे माणसाला भांडताही येत नाही.

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी बाल्कन्या-बाल्कन्यांवरून घरी पोचली होती. जिन्यात सल्ला द्यायला माणसं उभी होती. क्रोचिफिस्सा म्हणाली, संत लुचियाला चांदीचे डोळे वाहा, पण हलके नकोत, ते प्रोव्विदेंत्साला कळतं. डॉन गास्पारे म्हणाले, पाहुण्या प्रोटेस्टंट आहेत असं सांगू या. तुरीनकडे प्रोटेस्टंट असतात, त्यांना हे पाप लागत नाही. विहीणबाई म्हणाल्या, मी दर रविवारी चर्चला जाते. डॉन गास्पारे म्हणाले, ते कुणाला कशाला सांगायचं?

संध्याकाळी रुज्जेरोचा फोन आला. त्यालाही कळलं होतं, इन्याझियाच्या मुलाकडून. "आई," तो म्हणाला, "मी तुला फक्त शहर दाखवायला सांगितलं होतं." शेजारी ओत्ताव्हिया उभी असावी, कारण तो हळू बोलत होता. म्हणाला, तिच्या आईला एकदा दुखावलं की ती काही बोलत नाही, नुसती परत जाते. मी फोन ठेवला आणि बंद दाराकडे बघितलं. विहीणबाई आतल्या खोलीत बॅग भरत होत्या. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. त्यांनी भरलेल्या बॅगेच्या कडीचा आवाज मला अजून ऐकू येतो.

सकाळी उठले तर बॅग जागेवर आणि बाई गायब. पलंग असा काही आवरलेला की त्यावर कुणी झोपलंच नव्हतं असं वाटावं. मी शाल गुंडाळून खाली धावले. दुसऱ्याची आई हरवणं म्हणजे काय ते ज्याने हरवली आहे त्यालाच कळेल. गल्लीतल्या प्रत्येकाने ती वेगळ्या दिशेने गेलेली पाहिली होती. डॉन गास्पारे मला पोलिसांत न्यायला निघाले, तिथेही त्यांच्या ओळखीचा माणूस होता. मी त्यांना प्रार्थनागृहाच्या दारावर लक्ष ठेवायला सांगितलं, बाई रागाच्या भरात कुलूप तोडायला गेल्या असल्या तर, आणि स्वतः बाल्लारोकडे सुटले. मागच्या गल्लीतून नाही, थेट सगळ्यांच्या खिडक्यांखालून. इन्याझिया हाका मारत राहिली. ती अजून ते बोलून दाखवते.

प्रोव्विदेंत्साच्या जिन्यातच भांडण ऐकू आलं. एक आवाज आमच्या बोलीत, एक तुरीनच्या. आत गेले तर विहीणबाई बाह्या सरसावून उभ्या, हातात औषधाची बाटली, आणि म्हातारी मान मागे टाकून त्यांना शिव्या घालत होती. भाची दुकानात गेली होती. विहीणबाई पहाटे माफी मागायला आल्या होत्या, तर त्यांना दिसलं की म्हातारी स्वतःच्या हाताने डोळ्यात थेंब घालतेय आणि ते सगळे गालावर जाताहेत. त्यांच्या यजमानांचंही तेच झालं होतं. तेव्हा माफी बाजूला राहिली आणि त्यांनी बाटली हिसकावून घेतली.

"ही बाई माझं डोकं धरते," प्रोव्विदेंत्सा मला म्हणाली. "आजवर माझं डोकं कुणी धरलं नव्हतं."

"हलू नका," विहीणबाई म्हणाल्या.

"बघ. वर हुकूम सोडते."

थेंब गेले. मग म्हातारीने पट्टीखालचा डोळा मिटून घेतला, दुसऱ्याने विहीणबाईंना नखशिखान्त बघितलं, आणि अट घातली. चावी मिळेल. पण पुढच्या वर्षी संत लुचियाला यायचं, इथे तिच्यासमोर बसायचं, आणि दिवसभर पिठाचा कण तोंडात घालायचा नाही. आणि गोळा हातात धरून खायचा. शपथ घे. विहीणबाईंनी उजवा हात वर केला, कोर्टात करतात तसा, आणि शब्द दिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही बाई शब्द पाळणारी आहे. पण मी चावी बघत होते.

जेवल्याशिवाय म्हातारीने सोडलं नाही, तेव्हा दुपार कलल्यावर शेवटी त्या दाराचं कुलूप उघडलं. आत थंडगार काळोख, धूळ, आणि भिंतभर लाकडी परांची. दुरुस्ती खरोखरच चालू होती, म्हणजे कधीतरी झाली होती. चुन्याच्या सगळ्या मूर्तींवर पोती आणि चादरी टाकलेल्या. मी म्हटलं, जाऊ द्या, आता गाडीची वेळ. विहीणबाईंनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि त्या परांचीवर चढल्या. मी खाली उभी राहून संतांची नावं घेत होते. वर एका कोपऱ्यात त्यांनी चादर उचलली.

मी विचारलं, आहे का? तर त्या म्हणाल्या, "वर या, निन्फा."

मला गुडघे आहेत, हे मी आदल्या दिवशी जगजाहीर केलं होतं. तरी चढले. ते बाळ माझ्या हाताएवढं होतं. गुबगुबीत, एका पायात चप्पल, आणि तोंड एवढं उघडलेलं की आतली जीभही दिसत होती. खाली संताचा जीव चाललाय, आणि याला झोप आलीय. विहीणबाई त्याच्याकडे बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते, पण तेवढ्यात त्यांना जांभई आली. त्यांची बघून मला आली. मग त्या हसायला लागल्या, परांची हलायला लागली, आणि मी त्यांना घट्ट धरलं.

खाली दार लागल्याचा आवाज झाला. मग कुलूप फिरलं.

डॉन गास्पारे लक्ष ठेवत होते, मधली दुपारची झोप सोडली तर. त्यांना दार उघडं दिसलं, बाहेर चावी दिसली, आत कुणी दिसलं नाही, कारण आम्ही छताशी होतो. कर्तव्यदक्ष माणूस. दार लावलं आणि चावी परत करायला बाल्लारोला गेले. आणि तिथे गेल्यावर अर्थातच त्यांना कॉफी घ्यावी लागली.

परांचीजवळ एक गजांची खिडकी होती. आम्ही तिथून हाका मारल्या. समोरच्या बाल्कनीत क्रोचिफिस्सा आली. तिने सगळं ऐकून घेतलं, बाकीच्यांना बोलावलं, आणि हळूहळू सगळ्या बाल्कन्या भरल्या. दार कसं उघडावं, गास्पारे कुठल्या वाटेने येईल, विहीणबाईंच्या गाडीची वेळ काय, यावर चर्चा झाली. खाली जाऊन गास्पारेला बोलावून आणावं हे कुणाला सुचलं नाही, कारण मग चर्चा सोडून जावं लागलं असतं. विहीणबाईंनी विचारलं, हे नेहमी असंच असतं का? मी म्हटलं, नाही, आज माणसं जरा कमी आहेत. मुलगा गेलाच आहे, आता खोटं कशाला बोला.

गाडीची वेळ येऊन गेली. क्रोचिफिस्साने कपडे वाळत घालायच्या दोरीला टोपली अडकवली आणि कप्पी ओढत आमच्या खिडकीपर्यंत पाठवली. टोपलीत आदल्या दिवशीचे आरांचीने होते. विहीणबाईंनी गजांतून हात बाहेर काढून एक घेतला, आणि परांचीवर पाय सोडून बसल्या बसल्या हातात धरून खाल्ला. सालीसकट. समोरच्या बाल्कन्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर त्यांनी स्वतःहून गाल पुढे केला. म्हणाल्या, "मुलीला पाठवते. मला काळजी नाही." मी घरी येऊन रुज्जेरोच्या खोलीला रंग द्यायला घेतला.

रुज्जेरोने नाताळच्या आत होकार कळवला. बंदरावरची जागा मंजूर होती, फक्त नेमणुकीचा कागद निघायचा होता. तो निघेना. वसंत गेला, उन्हाळा गेला, लग्न झालं, डिसेंबर आला. विहीणबाई शब्दाप्रमाणे आल्या आणि प्रोव्विदेंत्सासमोर दिवसभर बसल्या. फेब्रुवारीत म्हातारीच्या दुसऱ्या डोळ्याचं ठरलं होतं, आणि ती म्हणाली, थेंब ही बाई घालणार असेल तरच मी टेबलावर झोपते. तेव्हा विहीणबाई थांबल्या. मग त्यांना उन्हाळ्यात समुद्र बघायचा होता. मग डॉन गास्पारे मुलीकडे राहायला गेले आणि आमच्यासमोरचं दार रिकामं झालं.

विहीणबाईंनी ते घेतलं. त्यामुळे तुरीनचं त्यांचं घर रिकामं झालं. नदीवरचं, मोठ्या खोल्यांचं, लिफ्ट असलेलं घर. रुज्जेरो आणि ओत्ताव्हिया तिथे राहायला गेले. बंदराचा कागद त्याच्या पुढच्या महिन्यात आला. रुज्जेरो फोनवर म्हणाला, आई, आता एवढं चांगलं घर सोडून कसं यायचं?

अशा रीतीने मी मुलगा परत आणायला निघाले आणि विहीण आणली. इतकी वर्षं झाली, ती समोरच्या दारात आहे. माझ्या कॉफीला नावं ठेवते, माझी पडदे धुवायची वेळ चुकली की बोलून दाखवते, आणि क्रोचिफिस्साशी आमच्या बोलीत असं भांडते की मलाच लाज वाटते. प्रोव्विदेंत्सा गेली तेव्हा आपल्या गळ्यातली चावी क्लोतिल्देच्या गळ्यात घालून गेली. माझ्या नाही, मी त्या गल्लीत जन्मले तरी. दुरुस्ती अजून चालूच आहे.

गेल्या वर्षी रुज्जेरो तेरा डिसेंबरला आला. वर्षातून चार दिवस येतो, शहर बघायला. आता त्याचे केस पिकलेत. म्हणाला, सासूबाई, ते बाळ मी अजून पाहिलेलं नाही, चावी द्या. क्लोतिल्दे त्याच्या जवळ गेली, त्याच्या कोटाच्या पुढच्या बाजूवर बोट फिरवलं, आणि बोटाकडे बघितलं.

"विमानात काय खाल्लंस?"

"सँडविच."

तिने चावी झग्यात टाकली आणि बटणं लावली. रुज्जेरो इंजिनियर आहे, त्याने टेबलावरचा आरांचीना उचलून तिच्यासमोर धरला आणि म्हणाला, पण सासूबाई, याच्यावरही पावाचा चुराच आहे.

"चुरा म्हणजे पाव नव्हे," ती म्हणाली.

तो माझ्याकडे बघायला लागला. माझा मुलगा, इतक्या लांबून आलेला. मी त्याच्या कोटावरचे कण झटकले आणि म्हटलं, "उद्या ये."